रबराचा बुश की नायलॉनचा?

एमजी म्हटलं की आज पनवेलच्या रस्त्यावर हेक्टर डोळ्यांसमोर येते. पण त्याच अष्टकोनी चिन्हाची, एमजीबी नावाची दोन माणसांची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनत होती. १७९८ सीसीचं इंजिन, बुटकं हलकं अंग, आणि मागे सरळसोट ॲक्सल, त्याला दोन बाजूंना स्प्रिंगचे दोन पाटे. टप असलेल्या जीटी धरून अशा पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. आपल्याकडे त्या मोजक्याच. त्यांतली १९७१ सालची एक माझ्या एका स्नेह्यांची होती. ते गेल्यावर ती त्यांच्या मुलीकडे आली. ती तळोजा एमआयडीसीत रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे.

गाडीचं मागचं काम मात्र तिच्या वडिलांपासून कळंबोलीच्या एका वस्तादांकडे. न्हावा-शेवाच्या बंदरामुळे कळंबोली ते पळस्पे फाटा या पट्ट्यात ट्रेलरचे पाटे दुरुस्त करणाऱ्यांची वस्ती झाली, वस्ताद त्यांतले जुने. स्पोर्ट्स कार ट्रेलरच्या गॅरेजात जाते याचं नवल वाटायला नको. एमजीबीची मागची रचना ट्रकचीच आहे, फक्त लहान मापात.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे जाताना वळणात ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग किंचित बाजूला सरकायचा. पुन्हा पाय दिला की जागेवर यायचा. स्टिअरिंग मात्र तसंच. क्लच सोडताना खालून एक ठोका ऐकू यायचा. पाट्यांच्या टोकांतले बुश गेले आहेत यावर दोघांचं लगेच एकमत झालं. नवे कसले घालायचे यावर झालं नाही, आणि ते बोलणं ऐकताना मला जाणवलं की वाद एका बुशपुरता नाही.

वस्ताद : हे बघ, टॉमी लावली की पाटा हँगरमध्ये पुढेमागे हलतोय. आत रबर म्हणून काही उरलेलंच नाही. मागचं चाक कुठे राहील हे हा बुश ठरवतो. तो गेला की चाक आपल्या मनाने जातं.

हे वाक्य जरा उलगडायला हवं. पाट्याचं पुढचं टोक गोल वळवलेलं असतं. त्या वेटोळ्यात बुश, बुशमधून बोल्ट, आणि बोल्ट गाडीच्या अंगावरच्या हँगरला. मागचं टोक शॅकल नावाच्या दुव्यावर झुलतं, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. म्हणजे ॲक्सल पुढेमागे हलू न देण्याचं सगळं काम पुढच्या टोकाकडे. एका बाजूचा पुढचा बुश दोन-तीन मिलीमीटर ढिला झाला की ॲक्सल तिरका होतो आणि मागची चाकं थोडी वळतात. इंजिन ओढत असताना एका दिशेला, सोडल्यावर दुसऱ्या. खोपोलीच्या वळणात तेच होत होतं.

वस्ताद : आता माझं ऐक. नायलॉनचा रॉड आणू. लेथवाल्याला माप देऊन बुश काढून घेऊ, घट्ट बसतील असे. संध्याकाळपर्यंत गाडी तयार. परदेशातून पार्सल मागवायचं, कस्टम भरायचं, तोवर गाडी घोडीवर ठेवायची, आणि आलेलं रबर दोन पावसाळ्यांत फाटायचं. मी हे बघत आलोय.

इंजिनिअर : काका, फाटलं ते रबर कसलं होतं? स्वस्तातल्या बुशमध्ये रीक्लेम असतं, म्हणजे जुन्या टायरांचं परत वापरलेलं रबर, त्यात खडूची पूड भरलेली. काहींत ते लोखंडाला धरलेलंही नसतं, नुसतं दाबून बसवलेलं असतं. आमच्याकडे नळी आधी शॉट ब्लास्ट होते, मग तिच्यावर रसायनाचे हात देतात, मग साच्यात दीडशे अंशांच्या आसपास रबर शिजतं आणि लोखंडाला धरतं. चांगला जमलेला बुश ओढून तोडला तर रबर मधेच फाटतं, लोखंडापासून सुटत नाही. आम्ही तसं तोडून बघतो.

वस्ताद : ते तुझ्या कारखान्यात. दुकानात डबा उघडल्यावर मला काय कळणार आत कसं धरलंय? नायलॉन मी डोळ्यांनी बघतो, मापाने बघतो. आणि टाटा १२१० च्या पाट्यांना काय होतं? गनमेटलचे बुश, पिनला ग्रीस निपल. वेळेवर ग्रीस मारलं की गाडी चालायची. रबराचं नाव नव्हतं.

इंजिनिअर : ग्रीस मारणारा क्लीनर गाडीवर होता म्हणून चालायची. मोटारींचीही सुरुवात तशीच झाली. प्रत्येक सांध्याला ग्रीस, आणि ते मारायला ड्रायव्हर. मग १९२०च्या दशकात युरोपात दोन लोखंडी नळ्यांच्या मधे रबर दाबून बसवायची युक्ती निघाली. सायलेंटब्लॉक नावाने ती खपली आणि ग्रीसच्या जागा कमी होत गेल्या. ही गाडी त्या विचारातून बनली आहे. तिच्या पाट्याला ग्रीस निपल शोधून सापडणार नाही.

वस्ताद : निपल टॅप मारून बसवता येतं.

हे ते अगदी सहज बोलले, आणि मला त्यात त्यांच्या धंद्याचं मोठेपण दिसलं. जे नाही ते करून घेता येतं, या विश्वासावर आपली वाहतूक कित्येक दशकं चालली. आयात बंद असताना, सुटे भाग मिळत नसताना, अशा वस्तादांनीच गाड्या रस्त्यावर ठेवल्या. तिच्या वडिलांची गाडी आजवर चालू राहिली तीही त्यामुळेच. तिलाही ते ठाऊक आहे, म्हणून ती त्यांच्याशी वाद घालते, पण गाडी दुसरीकडे नेत नाही.

तिने मग दुसऱ्या एका गाडीचा काढलेला जुना बुश हातात घेतला. बाहेरची नळी एका हाताने धरली, आतली दुसऱ्या हाताने फिरवायला लागली.

इंजिनिअर : तुमचा नायलॉन बोल्टावर घासत फिरतो. रबराचा बुश फिरतच नाही. बाहेरची नळी वेटोळ्यात ठोकून बसलेली, आतली नळी बोल्टाने दोन्ही बाजूंनी आवळलेली. पाटा वरखाली झाला की मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. घासणारी जागाच नाही, मग झिजणार काय? आत माती जाऊ दे, पाणी जाऊ दे, काही बिघडत नाही. नायलॉनमध्ये कोकणातली माती गेली की ती पॉलिश पेपरचं काम करते. मग बुश झिजतो, आणि त्याच्याबरोबर बोल्टही.

वस्ताद : बुश झिजला तर दुसरा काढू. नायलॉनचा तुकडा स्वस्त असतो.

इंजिनिअर : आणि पावसाळ्यात? साधा नायलॉन पाणी पितो. पाण्यात ठेवून पूर्ण भिजू दिला तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत. पाणी प्यायला की फुगतो. मे महिन्यात तुम्ही लेथवर अचूक माप काढलंत, तरी जुलैत तो बोल्टाला आवळून धरतो.

वस्ताद गप्प राहिले. मग म्हणाले की पावसाळ्यात काही गाड्यांचे पाटे कुरकुरतात हे खरं आहे, पण ते त्याचं कारण चिखल समजत होते. ही कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली, आणि लगेच नवा मुद्दा काढला.

वस्ताद : मग ते पिवळे-लाल पॉलीचे घाल. रॅलीवाली पोरं घालतात. पाणी पीत नाहीत, कडक असतात, मागचं टोक हलायचं नाव नाही.

पॉलीयुरेथेनची बाजू मला स्वतःला बरीच पटत होती. जर्मनीत १९३७ मध्ये ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत निघालेलं हे द्रव्य आज जुन्या गाड्यांच्या जगात सर्रास वापरतात. मऊपणा-कडकपणा मोजायच्या शोर ए मापावर बुशचं रबर साधारण साठीच्या घरात असतं, पॉली ऐंशी ते पंच्याण्णवमध्ये. शर्यतीच्या रस्त्यावर त्याने गाडी चटकन ऐकते यात शंका नाही. तेल सांडलं तरी त्याचं रबराइतकं वाईट होत नाही, आणि एमजीबीच्या मागच्या हबचं सील गळायला लागलं की तेल पाट्यांपर्यंत येतंच. म्हणून हा प्रश्न मीच तिला आग्रहाने विचारला.

इंजिनिअर : पॉलीचेही प्रकार आहेत. एक पॉलिएस्टर जातीचा. दमट उष्ण हवेत पाणी त्याच्या साखळ्या तोडतं, काही वर्षांनी तो भुसभुशीत होतो. पनवेलची हवा त्याला मारणारी आहे. दुसरा पॉलिइथर जातीचा, तो टिकतो. पण पाकिटावर कुठला ते लिहिलेलं नसतं. समजा टिकणारा मिळाला, तरी माझी हरकत वेगळी आहे. काका, ट्रेलरचा मेन पाटा तुटतो तेव्हा कुठे तुटतो?

वस्ताद : सेंटर बोल्टच्या भोकाशी. नाहीतर वेटोळ्याच्या तोंडाशी.

इंजिनिअर : वेटोळ्याच्या तोंडाशी का?

वस्ताद : ओव्हरलोड. आणि रस्ता वाकडातिकडा असला की पाट्याला पीळ बसतो, बुश पीळ घेत नाही, मग पाटाच घेतो.

इंजिनिअर : मला तेच सांगायचंय. ही गाडी वळणात झुकते तेव्हा एका बाजूचा पाटा दबतो, दुसरा सैल होतो, आणि ॲक्सल गाडीच्या अंगाशी तिरका होतो. म्हणजे पाट्याला पीळ. मऊ बुश त्या पिळाला वाट देतो. कडक बुश अडवतो. मग ताण जातो मेन पाट्यात, आणि या गाडीला वेगळी चासी नाही, एकच पत्र्याचं अंग आहे, त्यामुळे हँगरच्या पत्र्यातही. बुश फाटला तर बदलता येतो. पन्नास वर्षांचा पत्रा फाटला तर?

वादाचा तोल इथे बदलला असं मला वाटतं. तोवर टिकाऊपणा म्हणजे बुश किती वर्षं टिकतो एवढाच हिशोब होता. तिने प्रश्न पुढे नेला: बुश टिकला तर त्याच्याऐवजी काय झिजेल? जुनी गाडी जपणाऱ्याने बदलता येणारा भाग आधी मरेल अशी व्यवस्था करावी, हे मला पूर्ण पटलं. पाटा, हँगर, मूळ पत्रा हे त्या गाडीचं खरं धन आहे.

वस्तादांना मात्र ते अर्धंच पटलं.

वस्ताद : तू गाडी जपायचं बोलतेस, मी चालवायचं बोलतोय. तुझे वडील ही गाडी पाली, महाडपर्यंत न्यायचे. गोव्याचा हायवे इथून सुरू होतो, त्याची दशा सगळ्यांना माहीत आहे. खड्ड्यात चाक गेलं की रबर दाबून दाबून संपतं. तू ती प्रदर्शनात नेणार असशील तर तुला काय हवं ते घाल.

इंजिनिअर : मीही चालवणारच आहे. खड्ड्याचा दणका पाट्यातून पत्र्यात जायच्या आधी कुठेतरी गिळला गेला पाहिजे. नायलॉन गिळत नाही, पुढे ढकलतो. आणि प्रदर्शनाचं म्हणाल, तर २०२१ मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. चासी, अंग, इंजिन यांत फेरफार नको असं त्यात आहे. बुशबद्दल अक्षरही नाही. नियमाला घाबरून मी रबर मागत नाहीये.

वस्ताद : मग मूळचेच बुश आण ना. जुन्या स्टॉकचे मिळतात म्हणे, त्या काळच्या डब्यातले.

इंजिनिअर : ते तर अजिबात नकोत. रबर कपाटातही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करतो, ओझोन त्याला भेगा पाडतो. चाळीस वर्षं डब्यात पडलेला बुश नवा दिसतो, पण गाडीखाली गेल्यावर लवकरच चिरतो. मला त्याच मापाचा, त्याच कडकपणाचा, आत्ता बनलेला हवा. डब्यावरचं जुनं नाव नको.

हे ऐकून मला बरं वाटलं. जुन्या वस्तूंच्या प्रेमात पडलेली माणसं अनेकदा जुन्या पुठ्ठ्याच्या डब्याला अवाच्या सवा किंमत देतात. खिळखिळं लाकूड बदलून त्याच घडणीचं नवं लाकूड घालणं हे कोकणातल्या प्रत्येक घरमालकाला कळतं. गाडीच्या बाबतीत ते कळायला वेळ का लागतो, मला समजत नाही.

शेवटी रबराचेच आले. एका नामांकित पुरवठादाराचे, लोखंडाला धरलेले. पण काम सुरू झाल्यावर दोघांच्या जागा बदलल्या, कारण पुढचा सगळा प्रांत वस्तादांचा. पाट्याच्या पुढच्या टोकाचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. हे या गाडीचं ठरलेलं दुखणं आहे. डिझेल सोडून रात्रभर ठेवला, हलला नाही. पाना लावला की बोल्टाबरोबर आतली नळी फिरायची आणि फाटकं रबर पिळून परत यायचं. शॅकलच्या पिनांचीही हीच तऱ्हा.

वस्तादांच्या पोऱ्याने गॅसचं नळकांडं ओढत आणलं. वस्तादांनीच ते परत पाठवलं. एमजीबीची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखाली, शॅकलच्या अगदी शेजारी असते. टाकी उतरवून दूर ठेवल्याशिवाय तिथे ज्योत न्यायची नाही, हे त्यांनी पोऱ्याला असं सुनावलं की तो जन्मभर विसरणार नाही. मग पुढचा बोल्ट त्यांनी हॅक्सॉच्या सुट्या पात्याने, पात्याला कापड गुंडाळून, हँगर आणि वेटोळं यांच्या फटीतून दोन्ही बाजूंनी कापला. हँगरच्या पत्र्यावर ओरखडाही नाही. त्या कामाला लागणारा धीर मला कुठल्याही तांत्रिक पुस्तकात वाचायला मिळालेला नाही. जुना बुश वेटोळ्यातून काढतानाही त्यांनी हातोडा लावला नाही. लांब बोल्ट, दोन पाइपचे तुकडे आणि वॉशर घेऊन तो सावकाश ओढून काढला, आणि नवा तसाच आत घेतला.

बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा दोघं पुन्हा समोरासमोर आले.

वस्ताद : घोडीवर आहे तोवर आवळून टाकतो. हात मोकळा जातो.

इंजिनिअर : नको काका. आत्ता चाकं लोंबकळतायत. आत्ता आवळलं तर रबर या स्थितीत सरळ राहील. गाडी खाली घेतली की पाटा सपाट होईल आणि रबर कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतही पिळलेलं. मग खड्ड्यात त्यावर आणखी पीळ. तुम्ही म्हणता ना दोन पावसाळ्यांत फाटतं, त्यातले निम्मे याने फाटत असतील.

हे वाक्य वस्तादांना लागलं. गनमेटल आणि नायलॉन कुठेही आवळा, फरक पडत नाही, कारण ते फिरतात. सगळा जन्म त्या सवयीत गेलेला हात रबरालाही तसाच आवळत आला. आणि याचा दोष मी त्यांना देत नाही. बुशच्या डब्यात ही सूचना लिहिलेली चिठ्ठी नसते, आणि गॅरेजात भाग विकायला येणारा माणूसही ते सांगत नाही. आपल्याकडे 'रबर टिकत नाही' ही समजूत पसरली, तिच्यामागे खोटा माल जितका आहे तितकीच ही न सांगितलेली गोष्ट आहे, असं माझं मत झालं.

गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली. चाकं जमिनीवर, दोन्ही सीटवर माणसं बसवली, मागून उठाबशा देऊन पाटे जागेवर येऊ दिले. मग वस्ताद खड्ड्यात उतरले आणि पुढचे बोल्ट, शॅकलचे नट, ॲक्सलच्या यू बोल्टचे नट, सगळे त्या स्थितीत आवळले. तिने टॉर्क रेंच पुढे केला, तो त्यांनी घेतला. यू बोल्टखालचे रबरी पॅडही नवे घातले होते. ते बसतात, मग नट सैल वाटतात, म्हणून थोडं चालवून परत आणायला त्यांनीच सांगितलं.

खोपोलीच्या वळणात गाडी आता सरळ राहते. म्हणून वस्तादांनी हार मानली असं नाही. त्यांचं शेवटचं म्हणणं मला त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत वजनदार वाटतं.

वस्ताद : तुझं रबर चांगलं आहे, मान्य. पण त्याच्याकडे बघायची गरज नाही हेच त्याचं वाईट आहे. ग्रीस मारायला माणूस दर आठवड्याला खाली शिरायचा. शिरला की त्याला गळणारं सील दिसायचं, पाट्याला पडलेली चीर दिसायची, सैल नट हाताला लागायचा. आता गाड्यांखाली कोणी जात नाही. तुझ्या वडिलांचा बुश एका दिवसात नाही गेला. कोणी बघितलं नाही.

इंजिनिअर : बघण्यासाठी झिजणारा बुश घालायचा का?

वस्ताद : नाही. रबर घाल आणि तरी बघ.

तिच्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि तिने ते शोधलंही नाही. पुढच्या सस्पेन्शनचे बुश दिवाळीनंतर काढायचे ठरले आहेत. तिथे वस्तादांना पुन्हा पॉली हवं आहे, आणि पुढच्या बाजूला पाटे नसल्यामुळे पिळाचा मुद्दा तिला जसाच्या तसा वापरता येणार नाही.